आनेश्काची अंघोळ

माझ्या हातून आयुष्यात एकही गोष्ट घाईने झालेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. छत्तीस वर्षं मी वजनमापं खात्यात होतो. बिअरच्या मगावर अर्ध्या लिटरची एक बारीक रेघ असते. ती जिथे असायला हवी तिथे आहे की नाही, हे बघणं माझं काम. आमच्या अख्ख्या मोराव्हिया प्रांतात माझ्याइतक्या रेघा कुणी पाहिल्या नसतील! फेस पूर्ण बसल्याशिवाय मी नोंद करत नसे. गुत्तेवाले म्हणायचे, "पोस्पेखसाहेब बिअर पीत नाहीत, तिची पत्रिका मांडतात." लग्न ठरवायला मी सहा वर्षं घेतली. ती सहा वर्षं आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती, असं माझी बायको हेर्मिना अजूनही पाहुण्यांना सांगते.

तेव्हा निवृत्त झाल्यावर मी बोआ पाळायचं ठरवलं, ते काही लहर म्हणून नव्हे. नऊ वर्षांचा असताना प्राणीसंग्रहालयात एक बोआ काचेमागून माझ्याकडे बघत होता. चांगला अर्धा तास बघत होता. घरात, शाळेत, कुठेच माझ्याकडे कुणी सलग इतका वेळ लक्ष दिलं नव्हतं. असा साप आपल्या घरी असावा, हे तेव्हाच मनात बसलं. मग फक्त एकोणसाठ वर्षं विचार केला.

हेर्मिनाची परवानगी अनपेक्षितपणे मिळाली. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात मी तिच्या मसाल्याच्या बरण्या रिकाम्या करून, तोलून, पुन्हा भरून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तिसऱ्या महिन्यात पिठाच्या डब्याला हात घातला, तेव्हा ती म्हणाली, "आर्नोश्त, तुला साप हवा होता ना? आण. मगर आण. हत्ती आण! पण माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर हो."

अटी तीन होत्या. साप एकच. सोसायटीला पत्ता लागता कामा नये. आणि कुठला साप ते नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बसण्यापूर्वी ठरलं पाहिजे. नाही ठरलं तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.

"पुन्हा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मी मेल्यावरसुद्धा नाही."

दुसऱ्या अटीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या इमारतीत जनावर पाळायचं तर दोन तृतीयांश सभासदांची लेखी संमती लागते. सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा कासवासाठी अर्ज केला होता. अध्यक्षीण झाप्लेतालोवाबाईंनी तो चौदा महिने फिरवला. संमती मिळाली तेव्हा कासव ठणठणीत होतं, अर्जदार गेले होते.

मी कामाला लागलो. सापवाल्यांचं मंडळ दर गुरुवारी एका गुत्त्याच्या मागच्या खोलीत भरतं, तिथे जाऊ लागलो. आमच्या देशात दर दोन माणसांमागे एक भूछत्रांचा तज्ज्ञ असतो आणि दर तिघांमागे एक सापांचा. त्या खोलीत मात्र सगळेच तज्ज्ञ! मी बिचारा एकटा विद्यार्थी.

बोआ म्हणजे अजगर नव्हे. अजगर अंडी घालतो, बोआला थेट पिल्लं होतात. हा फरक मी हेर्मिनाला तीनदा समजावून सांगितला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे बाळंतपणही माझ्याच गळ्यात!"

मग जातींची छाननी. झाडावरचा पाचूसारखा हिरवा बोआ दिसायला राजा. पण दिवसभर फांदीवर वेटोळं करून बसतो, हलत नाही, आणि जवळ गेलं की चावतो. आमच्या खात्यातले अर्धे लोक असेच होते, घरी पुन्हा तेच कशाला? रबरी बोआचा फोटो हेर्मिनाला दाखवला. ती म्हणाली, "हा साप नाही. हे न तळलेलं सॉसेज आहे." मंडळाच्या अध्यक्षांनी मांडूळ सुचवलं. तेही बोआच्याच कुळातलं. एकदा वाळूत शिरलं की महिना महिना दर्शन नाही. हे मात्र हेर्मिनाला एकदम पसंत पडलं. "वाळू तेवढी आण," ती म्हणाली. "साप नंतर बघू."

मी चौदा रकान्यांचा तक्ता केला. लांबी, वजन, स्वभाव, खाणं, दमटपणा, आयुष्य वगैरे. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. महिनाभर झगडून शेवटी दोन उमेदवार उरले, साधा बोआ आणि इंद्रधनुषी बोआ. दोघांनाही सत्त्याण्णव! पुन्हा तपासलं. दोघांनाही शहाण्णव.

साध्या बोआचे वकील होते कोउकल, निवृत्त ट्रामचालक. इंद्रधनुषीच्या वकील सिक्स्तोवाबाई, दातांच्या डॉक्टर. ही दोघं गेली वीस वर्षं एकाच टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांशी बोलत नसत, फक्त एकमेकांबद्दल बोलत.

"कोउकलकडे आहे त्याला साप म्हणत नाहीत," सिक्स्तोवाबाई मला सांगायच्या. "तो गुंडाळून ठेवलेला गालिचा आहे."

"आणि यांचा इंद्रधनुषी?" कोउकल माझ्याच दुसऱ्या कानात. "डबक्यात सांडलेलं पेट्रोल!"

"पेट्रोल निदान चमकतं म्हणावं."

"गालिच्यावर निदान पाय तरी ठेवता येतो म्हणावं."

शेवटी दोघांनीही आपापला साप नाताळपर्यंत माझ्याकडे ठेवायचं कबूल केलं. बघ, पारख आणि ठरव. कोउकल आपल्या आनेश्काला उशीच्या अभ्र्यात घालून ट्रामने घेऊन आला. "अकरा वर्षांची आहे. नऊ किलो. दोन मीटर दहा." मी मोजली. दोन मीटर चार भरली. कोउकल दुखावला. "ती अंग चोरून बसलेली असताना मोजलीस तू," तो म्हणाला. मग कोचावर बसून उगाच गुडघे चोळत राहिला. जानेवारीत त्याचे दोन्ही गुडघे बदलायचे होते, आणि त्यानंतर नऊ किलोचं जनावर उचलायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. "फक्त बघायला देतोय हं," असं तो तीनदा म्हणाला, आणि तीन पानी सूचना ठेवून गेला. बघायला दिलेल्या वस्तूबरोबर कुणी तीन पानं देत नाही, एवढं मलाही कळलं.

सिक्स्तोवाबाईंनी आपला बेनेडिक्ट काचेच्या पेटीसकट पोचवला. तो छोटासाच, दिव्याखाली धरला की अंगावर जांभळ्या-हिरव्या लाटा. "रोज फवारा मारा," बाई म्हणाल्या. "त्याला दमट हवा लागते. तुमचं घर फार कोरडं आहे, पोस्पेख. तुमच्यासारखंच."

पुढचे अकरा दिवस मी दोन खुर्च्यांवर आळीपाळीने बसून दोन सापांकडे बघितलं. दोन्ही सापांनी काहीही केलं नाही. इतकं सुंदर काहीही न करणं मी सरकारी नोकरीतही पाहिलेलं नव्हतं! पण त्यामुळे गुणांत फरक पडेना.

आणि नाताळ आला.

वीस डिसेंबरनंतर आमच्या इमारतीत कुणी अंघोळ करत नाही. प्रत्येक टबात एकेक जिवंत कार्प पोहत असतो. रस्त्यावरच्या हौदातून लोक मासा निवडून आणतात, तीन दिवस टबात ठेवतात आणि चोवीस तारखेला संध्याकाळी बटाट्याच्या सॅलडबरोबर तळून खातात. लिफ्टमधल्या वासावरून तारीख सांगता येते. अडचण एकच असते. तीन दिवस पोरं त्याला पाव भरवतात, त्याचं बारसं करतात; मग त्याच्या डोक्यात हातोडा कुणी घालायचा?

आमच्याकडे वावेर्का घालतो. तळमजल्यावर एकटाच राहणारा विधुर, निवृत्त गवंडी. त्याचा लाकडी हातोडा, त्याचा रबरी अंगरखा, आणि आतून मेंढीची लोकर लावलेली त्याची एक जुनी ऐसपैस कातडी पिशवी. आठव्या मजल्यापासून सुरू करून तो खाली खाली येतो, कारण दर माशामागे लोक त्याला एक पेला स्लिवोवित्से पाजतात. आलुबुखाराची ही घरगुती दारू अशी असते की पाचव्या मजल्यानंतर वर चढणं माणसाला जमणार नाही. दारूशिवाय लोक पिशवीत घरची बिस्किटंही कोंबतात. वेळापत्रक खाली फलकावर लागलेलं होतं. चौथा मजला, पोस्पेख: चोवीस तारीख, सकाळी आठ.

तेवीसला दुपारी आनेश्काची कात अडकली. पुढची अर्धी सुटली, मागची अर्धी अंगालाच चिकटून बसली. मी सूचनांचं पान दोन काढलं. "कोमट पाण्यात वीस मिनिटं. टबातच. बादलीत घाबरते. घासायला खडबडीत लाकूड द्यावे."

टबात कार्प होता. पण हेर्मिना पहिल्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे बिस्किटांची देवाणघेवाण करायला गेली होती, आणि त्या देवाणघेवाणीला तास लागतो. मी कार्पला कपडे उकळायच्या मोठ्या पातेल्यात घालून बाल्कनीत ठेवलं. टब धुतला. एकोणतीस अंश पाणी भरलं, थर्मामीटर लावून. आनेश्काला अलगद आत सोडलं आणि वरून हेर्मिनाचा पीठ मळायचा मोठा पाट झाकला. मग लाकूड आणायला तळघरात गेलो.

तळघरात तीन लाकडं होती. बर्च, ओक आणि आलुबुखारा. बर्चची साल सुटी सुटी, ओक जरा जास्तच खरखरीत. आता सापाच्या पोटाला काय सोसेल, हा प्रश्न काही उभ्या उभ्या सुटणारा नाही. मी उलट्या बादलीवर बसलो.

तेवढ्यात वर काय झालं, ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सातव्या मजल्यावरची दोन कुटुंबं डोंगरात निघून गेल्यामुळे वावेर्का वेळापत्रकाच्या पुढे होता. नऊ मासे आणि नऊ पेले संपवून तो आमच्या दारात उभा असताना हेर्मिना वर आली.

"अहो वावेर्का! तुम्ही तर उद्या येणार होतात?"

"हात गरम आहे, वहिनी. आत्ताच उरकतो."

"उरका बाई. आमचे हे घरात नाहीत तेच बरं. माशाचं नाव काढलं तरी त्यांचे पाय गळतात. टबातच आहे. मी पेला भरते तोवर."

मी बर्चचं लाकूड घेऊन परत आलो, तर वावेर्का स्वयंपाकघरात पिठासारखा पांढरा पडून बसलेला. मांडीवर हातोडा. बाथरूमचं दार सताड उघडं.

"झालं बरं का," हेर्मिना आनंदाने म्हणाली.

"काय झालं?"

"काय म्हणजे? वावेर्कांनी उरकलं पण."

"काय उरकलं?"

"अरे, टबातलं!"

लाकूड माझ्या पायावर पडलं. मला काही जाणवलं नाही. मी बाथरूममध्ये धावलो. पाट भिंतीला टेकून उभा. टबात नुसतं पाणी. मी परत आलो आणि वावेर्काला विचारलं, "कुठे... कुठे ठेवलंत?"

"बाल्कनीत," वावेर्का जमिनीकडे बघत म्हणाला. "ओल्या फडक्यात गुंडाळून. एकाच घावात गेलं."

मी मटकन खाली बसलो. डोळ्यांसमोर कोउकल दिसू लागला, गुडघे चोळणारा.

"बघा, म्हटलं नव्हतं मी? असंच होतं यांचं," हेर्मिना वावेर्काला म्हणाली आणि तिने भरलेला पेला पुढे केला. वावेर्काने पेल्याकडे बघितलं, मग बाथरूमच्या दाराकडे बघितलं, आणि दोन बोटांनी पेला हळूच मागे सारला. मग हॉलमधली पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला.

"अगं बाई!" हेर्मिना म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा!"

"हेर्मिना," मी म्हणालो, "वावेर्काने आनेश्काला मारलं."

मी पान दोन, कोमट पाणी, पातेलं, सगळं सांगितलं. माझं सांगणं पाट झाकण्यापर्यंतही आलं नव्हतं तोच ती बाल्कनीत जाऊन फडकं सोडून परत आली.

"तुझ्या आनेश्काला कल्ले आहेत?"

"नाहीत."

"मग हा कार्प आहे."

त्या क्षणी मी बायकोची पापी घेतली! गेल्या काही वर्षांत मी असं न विचारता काही केलेलं नाही. ती म्हणाली, "पुरे. मग साप कुठे आहे?"

तो आनंद एकूण चार सेकंद टिकला असेल.

आम्ही पलंगाखाली बघितलं, धुलाईयंत्रामागे बघितलं, कपाटातले हिवाळी बूट एकेक उलटे करून बघितले. दोन मीटर चार सेंटिमीटरचं जनावर बुटात मावत नाही हे मला माहीत होतं, पण त्या वेळी मोजमापावरचा माझा विश्वास उडाला होता. आणि दाराची बेल वाजली.

झाप्लेतालोवाबाई! हातात वावेर्काचा हातोडा.

"पोस्पेख, तुम्ही वावेर्काला काय पाजलंत?"

"काही नाही. त्याने घेतलीच नाही."

"तेच तर! तिसऱ्या मजल्यावरही घेतली नाही. दुसऱ्यावरही नाही. हा हातोडा माझ्या दारात ठेवून म्हणतो, बाई, मी सोडली. दारूही सोडली, मासेही सोडले. अकरा कार्प जिवंत आहेत, पोस्पेख. अकरा! उद्या माणसांनी काय बटाटे खायचे? तुम्ही माराल का एखादा?"

मी हातोड्याकडे बघितलं आणि दाराची चौकट धरली.

"वाटलंच," बाई म्हणाल्या. "आणि तो खाली रडत बसलाय तो वेगळाच. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं म्हणे, की आता थांबला नाहीत तर जनावरं दिसायला लागतील. आज दिसलं. तुमच्या टबात! मांडीएवढा जाडजूड साप! बिचाऱ्याने दार लावून घेतलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं, तरी साप. मग कुठून तरी मासा शोधला, मारला आणि कुणाला काही बोलला नाही. आता म्हणतो, मला वेड्यांच्या इस्पितळात पोचवा, पण नाताळ झाल्यावर."

हेर्मिनाने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं मोजमाप आमच्या खात्यातही नव्हतं.

बाई गेल्या. "आर्नोश्त," हेर्मिना म्हणाली, "खाली जा आणि त्याला खरं सांग."

"सांगतो. पण खरं सांगितलं की सोसायटीला कळणार, आणि सोसायटीला कळलं की तुझी दुसरी अट... म्हणजे साप गेला माझा. तेव्हा कसं सांगायचं, याचे जे दोन-तीन मार्ग..."

"आत्ता."

मी निघालो. पण नुसत्या तोंडी सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? पुरावा पाहिजे. आनेश्का बेपत्ता, घरात एकच साप शिल्लक. मी बेनेडिक्टला उशीच्या अभ्र्यात घातलं.

वावेर्का टेबलापाशी दुधाचा पेला घेऊन बसला होता. पायाशी पिशवी.

"वावेर्कासाहेब," मी म्हणालो, "तुम्ही ठणठणीत आहात. तुम्ही जे पाहिलंत ते खरोखरचं होतं. हे बघा." आणि बेनेडिक्टला दिव्याखाली धरलं.

बेनेडिक्ट त्या दिवशी काय चमकला! जांभळा, हिरवा, मध्येच निळा. वावेर्का बराच वेळ बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "हा नव्हता."

"म्हणजे असाच होता."

"तो तपकिरी होता. मांडीएवढा. हा बारीक आहे आणि याच्यावर रंग फिरताहेत." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पोस्पेखसाहेब, मला आता रंगीत दिसायला लागले हो!"

"नाही नाही! तो साधा बोआ आणि हा इंद्रधनुषी. दोन वेगळ्या जाती आहेत. हे बघा, साध्या बोआच्या बाबतीत पहिला रकाना म्हणजे..."

"पोस्पेख," मागून आवाज आला. झाप्लेतालोवाबाई दारात उभ्या होत्या. "तुमच्या हातात काय आहे?"

"बोआ."

"आणि टबातला?"

"तोही बोआ. म्हणजे ती."

"म्हणजे तुमच्याकडे दोन साप आहेत!"

"सध्या एकच," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही. "दुसरी इमारतीत कुठेतरी आहे."

पुढच्या पाच मिनिटांत ही बातमी आठव्या मजल्यावर पोचली. आमची लिफ्ट आयुष्यात इतकी वेगाने कधी गेलेली नाही. काही लोक घर सोडून जिन्यात आले, जिन्यातले काही साप जिन्यातच असेल म्हणून घरात गेले. मी कोउकलला फोन केला. तो वीस मिनिटांत आला, लंगडत, हातात रिकामा अभ्रा. ओरडला नाही, हेच वाईट. तो वावेर्काच्या दारात उभा राहून म्हणाला, "एकतीस वर्षं ट्राम चालवली, आर्नोश्त. एका माणसाची छत्रीसुद्धा हरवू दिली नाही. आणि तू माझी आनेश्का..." तो रिकाम्या अभ्र्याची घडी घालू लागला. चौदा रकान्यांत एकही रकाना असा नव्हता की जो मला त्या वेळी उपयोगी पडला असता.

तोवर वावेर्काच्या खोलीत दहा-बारा जण जमले होते. सगळे एकदम बोलत होते. झाप्लेतालोवाबाई तातडीची सभा घोषित करत होत्या. वावेर्का मात्र या गोंगाटातून उठला आणि जड आवाजात म्हणाला, "मंडळी, तुम्ही दिलेली बिस्किटं परत घेऊन जा. ज्या हातांनी मी काम पुरं केलं नाही त्या हातांना ती शोभत नाहीत." आणि त्याने पायाशी ठेवलेली पिशवी दोन्ही हातांनी कशीबशी टेबलावर ठेवली. "इतकी जड कशी झाली कोण जाणे. जिना उतरताना वाटलं, माझी पापं असतील."

त्याने पिशवी उघडली.

लोकरीतून आधी एक डोकं वर आलं. मग जीभ. मग मानेला चिकटलेली दोन चंद्रकोरीची बिस्किटं. आणि मग हळूहळू, कुणाचीही घाई नसल्यासारखी, आनेश्का!

झाप्लेतालोवाबाई खुर्चीवर चढल्या. खुर्चीवर आधीच तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते. कुणीतरी खिडकी उघडायला लागलं. सगळ्या खोलीत शांत होता तो एकटा वावेर्का. तो आनेश्काकडे बघून खिन्नपणे हसला आणि लोकांना म्हणाला, "बसा, बसा. उगाच माझ्यासाठी घाबरू नका. ती फक्त मलाच दिसते."

"आम्हालाही दिसतेय!" बाई खुर्चीवरून किंचाळल्या.

वावेर्काने त्यांच्याकडे बघितलं. "खरंच?"

"दिसतेय!"

"तपकिरी?"

"तपकिरी! जाडी! भयानक!"

"बाई," वावेर्काचे डोळे भरून आले, "तुम्ही माझ्याशी इतकं गोड कधी बोलला नव्हता." आणि त्याने ते नऊ किलोचं जनावर उचलून छातीशी धरलं! आनेश्काने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि उरलेलं अंग त्याच्या कमरेभोवती सावकाश गुंडाळून घेतलं. तिची राहिलेली अर्धी कात लोकरीला घासून केव्हाच पिशवीत गळून पडली होती. बर्च, ओक, आलुबुखारा, कशाचीच गरज नव्हती.

कोउकल ओठ चावत बघत होता. "खालून आधार दिलाय त्याने," तो माझ्या कानात म्हणाला. "न सांगता दिलाय. तुला हे शिकायला चार दिवस लागले होते."

चोवीस तारखेला सकाळी वावेर्काने जाहीर केलं, की या वर्षी तो आणखी कुणालाही मारणार नाही. अकरा कार्प अकरा बादल्यांतून नदीवर नेऊन सोडण्यात आले. सगळी इमारत वाजतगाजत गेली. संध्याकाळी चौथ्या मजल्यापासून खाली घरोघरी डुकराचे कटलेट तळले. त्यांत फक्त आमच्याकडे कार्प होता. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे असे बघत, जणू मीच तो हातोडा घातला होता.

जेवायला बसण्यापूर्वी हेर्मिनाने काटा खाली ठेवला. "ठरलं?"

"हेर्मिना, कालच्या प्रसंगामुळे स्वभावाचा रकाना पुन्हा बघायला हवा. बेनेडिक्टने पुरावा म्हणून चांगलं काम केलं, पण आनेश्काने पिशवीत संयम दाखवला. मला फक्त नवीन वर्षापर्यंत..."

बेल वाजली. वावेर्का. दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट, मागे कोउकल. वावेर्काच्या हातात सोसायटीचा संमतीचा कागद. एका दिवसात दोन तृतीयांश नव्हे, इमारतीत हजर असलेल्या सगळ्यांच्या सगळ्या सह्या! झाप्लेतालोवाबाईंची पहिली. कागदावर मात्र अर्जदार म्हणून नाव वावेर्काचं होतं.

"पोस्पेखसाहेब, तुमचीच एक सही राहिली," तो लाजत म्हणाला. "कोउकलसाहेब आनेश्का मला देताहेत. तुमचं काही ठरलेलं नव्हतं म्हणाले."

"नव्हतं ना," हेर्मिना म्हणाली, आणि मला पेन दिलं.

मी सही केली. कुठली शाई, हेही बघितलं नाही. बेनेडिक्ट दुसऱ्या दिवशी परत गेला. सिक्स्तोवाबाई फोनवर म्हणाल्या, तो उदास झालाय. त्याला दुसऱ्या सापाच्या जागी उभं केलेलं सहन झालं नाही.

आता दर मंगळवारी चार ते पाच मला आनेश्काला भेटायची परवानगी आहे. जोडे दारात काढायचे, हात धुवायचे, मोजपट्टी आणायची नाही. कोउकल गुडघे बदलून आल्यापासून दर रविवारी येतो, त्याला वेळेचं बंधन नाही. मी तक्रार करत नाही. फक्त एक अडचण आहे. दारू सोडल्यापासून वावेर्काला गाण्याचा नाद लागलाय. संध्याकाळी चारला तो आनेश्कासमोर खुर्ची ओढून बसतो आणि जाड्याभरड्या आवाजात तासभर गातो. मी त्याला एकदा सभ्यपणे सुचवलं की सापाला कान नसतात.

"म्हणूनच तर तिला चालतं," तो म्हणाला.

मला आहेत.